मास्तरणीला हलवता येणार नाही

४ मार्च

मावशी,

घडलं ते असं :

१. शनिवारी सकाळी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा तांबडी आणि ठिपकी बाहेर आल्या. मास्तरीण आली नाही.

२. ती कोपऱ्यात उभी होती. पिसं फुगवलेली, मान आत, डोळे अर्धे मिटलेले. दाणा टाकला, तिने पाहिलाही नाही.

३. तिची गळ्याखालची दाण्याची पिशवी चेंडूसारखी कडक लागली. सकाळी ती रिकामी असायला हवी. खात्री करायला बाकी दोघींच्या चाचपून पाहिल्या, त्या रिकाम्या होत्या. ठिपकीला हे आवडलं नाही.

४. वजन एक किलो सातशे साठ ग्रॅम. ऑफिसच्या काट्यावर केलं. दुकानांचे काटे आम्ही ज्याच्याशी ताडून बघतो तोच हा काटा, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नको. घरी आणण्याची परवानगी घेतली होती. कारण ‘घरगुती’ असं लिहिलं.

५. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्या पुढे दोन गायी होत्या. डॉक्टर म्हणाले, ‘हिला काय झालंय ते कापल्यावर कळेल.’ मी म्हणाले, कापायची नाही. ‘मग पाळलीत कशाला?’ मी म्हणाले, माझी नाही, मावशीची आहे. ‘मग मावशीला विचारा.’

६. म्हणून विचारते आहे.

फोन केला नाही, कारण दादाकडे फोन हॉलमध्ये स्पीकर लावून ठेवतात आणि सगळ्यांसमोर तू ‘मजेत आहे’ यापलीकडे काही बोलत नाहीस. काय करायचं ते पत्रातच कळव. गुडघा किती वाकतो तेही लिही. ‘बरा आहे’ हे उत्तर धरणार नाही.

तुझी भाची

*

७ मार्च

मोजपट्टे,

तुझं पत्र म्हणजे पोलिसांचा पंचनामा. ना नमस्कार ना चमत्कार, एकदम कलम पहिलं. लहानपणी पट्टी घेऊन घरभर फिरायचीस तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, ही पोर एक दिवस आपल्यालाही मोजेल.

आता ऐक. पिशवी कडक म्हणजे आत काहीतरी अडकलंय. लांब गवत, नाहीतर दोरी. मास्तरीण पहिल्यापासून हावरी, दिसेल ते गिळते आणि वर मान ताठ करून आपल्यालाच रागावल्यासारखी बघते. दाणा बंद कर. नुसतं पाणी. तेलाचे दोन-चार थेंब चोचीच्या कडेने सोड, घशात ओतू नकोस. मग पिशवी हलक्या हाताने चोळ, कणीक मळतात तशी. नाही, तू मळलेली कणीक मी पाहिली आहे, तशी नको. तिला उलटी धरून रिकामी करा असं कुणी सांगितलं, तर त्यालाच उलटा टांग. गुदमरून मरेल बिचारी. बाकीच्या दोघींपासून वेगळी ठेव. आणि तिच्याशी बोल. काय बोलू म्हणून विचारशील. मी तिला दादाच्या तक्रारी सांगते. कधीमधी तुझ्याही.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. दादाचा घास हातातच राहिला. सूनबाई म्हणाली, ‘अर्धे मिटलेले डोळे? अगं बाई.’ मी अंगणात पाय घसरून पडले तेव्हासुद्धा या घरात एवढी शांतता झाली नव्हती. मी हळूच म्हटलं, तिला माझ्या हाताची सवय आहे रे. तर दादा म्हणाला, ‘बघू.’ दोन महिन्यांत ‘नाही’ सोडून पहिला शब्द निघाला त्याच्या तोंडून.

सविस्तर लिहीत जा.

गुडघा खुर्चीतून उठू देतो. एवढं मोज.

मावशी

*

१० मार्च

मावशी,

सांगितल्याप्रमाणे केलं. आधी काही फरक नव्हता. मग पिशवी मऊ लागायला लागली आणि आज सकाळी ती पूर्ण रिकामी होती. तिला वेगळं ठेवलं त्या खोक्यात सुतळीचा तुकडा सापडला, सतरा सेंटिमीटर. वेल बांधायला तू वापरतेस तीच सुतळी. तो कुठून बाहेर आला ते लिहीत नाही, कारण हे पत्र जेवताना वाचलं जाईल.

तिच्याशी बोलले. विषय सुचेना, म्हणून दुकानदार काट्यात काय काय करतात आणि ते कसं पकडायचं हे सांगितलं. ती झोपली.

भिजवलेला दाणा आज वाटीभर खाल्ला. ठिपकीला चोच मारली.

निष्कर्ष : मास्तरीण बरी आहे. काळजी नसावी.

मोठ्या प्रयोगशाळेत बदलीसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर महिनाअखेर येईल. तोवर मी इथेच आहे.

तुझी भाची

*

१३ मार्च

मोजपट्टे,

अगं, बरी आहे म्हणून असं चारचौघांत लिहितात का?

पाकीट दादानेच उघडलं. वाचून म्हणाला, ‘चला, सुटलो.’ आणि लगेच त्या दातांच्या डॉक्टरला फोन लावला. तुला हे आधी लिहिलं नव्हतं, कारण मला वाटलं बोलता बोलता विरून जाईल. दादा आपलं घर भाड्याने देतोय. एक तारखेपासून. दातांच्या डॉक्टरला पुढच्या खोलीत दवाखाना टाकायचाय आणि अंगणात दोन गाड्या उभ्या करायच्यात. खुराडं पाडून.

मी ओरडून पाहिलं, रुसून पाहिलं, एक वेळ जेवले नाही. सूनबाई इतकी चांगली आहे की ताट झाकून ठेवते, मग भांडायचं कुणाशी? दिवसभर मी नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसते. खाली माणसं तिळाएवढी दिसतात. ‘कुठे चाललात?’ म्हणून ओरडायची सोय नाही.

दादा एकदाच पाघळला होता, तुझं पहिलं पत्र ऐकून. म्हणाला होता, कोंबडी फारच आजारी असेल तर आठवडाभर जाऊन ये. मी एकदा घरात पाऊल टाकलं की मला तिथून कोण उठवतंय ते मी बघते. पण जायला कारण हवं ना. आणि तू ते बरं करून टाकलंस.

तेव्हा आता असं कर. एका पाकिटात दोन कागद घालत जा. मोठा कागद सगळ्यांसमोर वाचायचा. त्यात मास्तरीण पुन्हा आजारी पडू दे, जरा चांगली. छोटा कागद माझा. त्यात खरं लिही.

मावशी

*

१६ मार्च

(छोटा कागद)

मावशी,

मी खोटं रीडिंग लिहीत नाही. वजनकाट्याचं लिहीत नाही, कोंबडीचंही लिहिणार नाही. एकदा लिहिलं की पुढच्या खऱ्या आकड्यालाही किंमत राहत नाही.

घर भाड्याने जाणार हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी त्याच घरात राहते.

मोठ्या कागदावर फक्त मी स्वतः पाहिलेल्या आणि मोजलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. एकही शब्द खोटा नाही. त्यांचा अर्थ काय काढायचा ते दादा ठरवेल.

त्यातल्या पहिल्या चार गोष्टींचा अर्थ मलाही कळलेला नाही. तुला कळला तर लिही.

(मोठा कागद)

मास्तरणीच्या प्रकृतीबाबत.

बुधवारपासून ती खोक्यातून उठत नाही. दिवसातून एकदा बाहेर येते, घाईने थोडं खाते आणि परत जाऊन बसते. वजन सत्तर ग्रॅमने उतरलं आहे.

हात जवळ नेला की अंग दुप्पट फुगवते, घशातून वेगळाच आवाज काढते आणि चावते.

पोटाखालची पिसं गेली आहेत. उघडं कातडं हाताला गरम लागतं.

अंडी देणं बंद आहे.

अंगाचं तापमान एक्केचाळीस पूर्णांक तीन दशांश अंश सेल्सिअस. तीन वेळा मोजलं.

अंधार पडला की तिला काही दिसत नाही.

पायांवर खवले आहेत.

दात नाहीत.

*

२० मार्च

चि. मोजपट्टी,

आईच्या नावाचं पत्र मी वाचलं. राग मानू नकोस. परिस्थिती गंभीर आहे आणि अशा वेळी कुणीतरी सूत्रं हातात घ्यावी लागतात.

एक्केचाळीस वाचून मी चौथ्या मजल्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वय विचारलं, मी तीन वर्षं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, या वयात इतका ताप म्हणजे झटके येऊ शकतात, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवा आणि ताबडतोब घेऊन या. पेशंट कोण हे सांगायची वेळ आली तेव्हा मी जिना उतरत होतो.

दात नाहीत हे वाचून तुझ्या वहिनीला रडू आलं. मी आपल्या दातांच्या डॉक्टरांना फोन केला. घर घेणारच आहेत म्हणून त्यांनी सल्ला फुकट दिला. म्हणाले, पातळ अन्न द्या, हिरड्यांना त्रास होणार नाही.

आई म्हणते, ‘मला जाऊ दे, मी बघते तिला.’ ते मला मान्य नाही. एकाची सेवा करायला दुसरा पेशंट पाठवायचा, हे कुठलं शहाणपण? म्हणून मी मधला मार्ग काढला आहे. कोंबडीलाच इकडे आणायचं. रविवारी, ३१ तारखेला, सकाळी नऊला ड्रायव्हर गाडी घेऊन तुझ्या दाराशी येईल. बाल्कनीचा अर्धा भाग रिकामा केला आहे. वहिनीने पाळणा आणि मच्छरदाणी आणली. मी उबेचा दिवा घेतला, पण तापात ऊब द्यायची की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही. तुझं मत कळव.

तुला मी कठोर वाटत असेन. पण आई त्या कोंबड्यांना दाणा टाकायला गेली आणि शेवाळावर घसरली. तू कामावर होतीस, मी इथे. तू येईपर्यंत ती अंगणात तशीच पडून होती, आणि वर आम्हाला सांगते की ढग बघत होते. उद्या तुझी बदली होईल. मग ती पडली तर उचलायला कोण? तीन कोंबड्या?

दाराची चावी डॉक्टरांना एक तारखेला द्यायची आहे. तुझ्यासाठी खोली बघायला मी मदत करेन.

दादा

*

२० मार्च

मोजपट्टे,

तुझ्या खरेपणाने घात केला गं. हे लोक मास्तरणीला इथे आणताहेत. पाळण्यात. म्हणजे मी गुडघ्याची आणि ती तापाची, दोघी बाल्कनीत बसून तिळाएवढी माणसं बघणार. जायचं एक कारण होतं, तेही आता लिफ्टने वर येतंय.

मोठा कागद ऐकताना आधी मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी शिकली एकदाची खोटं लिहायला. मग पदराआड लपवलेला छोटा कागद वाचला, तू खोटं लिहीत नाहीस हे आठवलं, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरंच एवढा ताप आहे का? मला खरं सांग. ती जायची असेल तर मला हातात घेऊ दे.

पण एक गोष्ट जुळत नाही. उठत नाही, फुगते, चावते, पोटाची पिसं गेली, अंडी बंद. अगं वेडे, ही तर खुडूक झालेली कोंबडी. तिला अंड्यांवर बसायचंय. एवढं शिकलीस आणि खुडूक कोंबडी ओळखता येऊ नये? गार पाण्यात पोटापर्यंत दोन-तीनदा बसव, येईल भानावर. पण खुडकीला असला ताप येत नाही. मग ताप कसला?

इथे सगळे तिच्यासाठी इतके हळवे झालेत की मला बोलायचीही चोरी. काल रात्री दादा उठून दिवा लावून-विझवून बघत होता. एवढंसं असताना तापात तो माझा पदर सोडायचा नाही. आता मोठा झाला, तर माझाच पदर धरून मला बसवून ठेवतो.

बदलीचं काय झालं? झाली असेल तर जा बाई. माझ्यासाठी अडकू नकोस. घर काय, भिंतीच आहेत.

मावशी

*

२४ मार्च

(छोटा कागद, आतल्या पाकिटात. दादा, हा तुझा नाही.)

मावशी,

ताप नाही. कोंबडीच्या अंगात एवढी उष्णता असतेच. तांबडी आणि ठिपकीचीही मोजली, तेवढीच भरली. तुला वेगळं कळवायला हवं होतं. तू रात्रभर जागशील हे लक्षात आलं नाही.

खुडूक हे बरोबर. गार पाण्यात बसवलं नाही. काय केलं ते मोठ्या कागदावर आहे, आणि ते सगळं खरं आहे.

तुझी खाट अंगणाकडच्या खिडकीला लावली आहे. तिथून रस्ता दिसतो आणि आवाज पोचतो. मी ओरडून पाहिलं. दोघांनी वळून पाहिलं.

(मोठा कागद)

दादा,

आधी चूक दुरुस्त करते. एक्केचाळीस अंश हा कोंबडीचा ताप नाही, तिचं नेहमीचं तापमान आहे. कुठल्याच कोंबडीला दात नसतात आणि सगळ्यांच्या पायांवर खवले असतात. आकडे खरे होते, पण ते कसे वाचायचे हे मी लिहिलं नाही. ते मुद्दाम लिहिलं नाही. वहिनीला सांग, रडण्यासारखं काही नाही. बालरोगतज्ज्ञांना काय सांगायचं ते तू ठरव. दिव्याची आत्ता गरज नाही, पण ठेव, लागेल.

मास्तरीण आजारी नाही, खुडूक आहे. हे निदान मावशीचं आहे. मी दहा दिवस तिला पाहत होते, मोजत होते, आणि मला कळलं नाही. मावशीला तिथे नवव्या मजल्यावर नुसतं ऐकून कळलं.

कळल्यावर मी शुक्रवारी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे कोंबडा आहे. पिल्लं निघतील अशीच अंडी हवी होती, म्हणून मी विचारलं की याची खात्री काय. तो म्हणाला, ‘ताई, मी पंक्चरची खात्री देतो. याची कोंबड्याला विचारा.’ नऊ अंडी घेतली. त्याच संध्याकाळी मास्तरणीखाली ठेवली. तिने ती एकेक करून चोचीने आत ओढली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून बसली आहे.

आता तिला हलवता येणार नाही. गाडीत नाही, पाळण्यात नाही, लिफ्टमध्ये नाही. हलवलं तर ती उठते आणि अंडी गार पडतात. यात मी काही राखून ठेवलेलं नाही. कुठल्याही कोंबडी पाळणाऱ्या माणसाला विचार.

दातांचे डॉक्टर काल अंगण मोजायला आले होते. दुसरी गाडी जिथे उभी करायची तिथेच मास्तरणीचं खोकं आहे. मी सांगितलं, हात लावू नका. ते म्हणाले, ‘आम्ही काय काय हाताळतो रोज.’ आणि खोकं सरकवायला वाकले. अंगठ्याला दोन टाके पडले. ‘हिला दात नाहीत असं मला सांगण्यात आलं होतं,’ असं ते जाताना म्हणाले. घराबद्दल विचार करून कळवतो म्हणाले.

तू विचारलं होतंस, मावशी पडली तर उचलायला कोण. रास्त प्रश्न आहे.

शेवाळलेली फरशी मी काढून टाकली आणि खरबरीत बसवून घेतली. तिच्यावर पाणी ओतून, मावशीच्याच चपला घालून चालून पाहिलं. मागच्या दारापासून खुराड्यापर्यंत लोखंडी कठडा बसवला. त्याला ऑफिसची ऐंशी किलोची वजनं लटकवून तपासला, वाकला नाही. मावशीचं वजन मी विचारलेलं नाही. ऐंशीच्या आत असावं. दाराला दोन पायऱ्या आहेत, तुमच्याकडे लिफ्ट बंद पडते तेव्हा नऊ मजले असतात.

दिवसा मी कामावर असते. पंक्चरवाल्याची आई समोरच राहते आणि ओट्यावर बसून आमच्याच अंगणात बघत असते. आजवर मला ती सवय आवडत नव्हती. आता तिला मी नीट बघायला सांगितलं आहे, आणि माझा नंबर दिला आहे. ती म्हणाली, ‘तुझी मावशी पडली तेव्हा मी लेकीकडे गेले होते, ते मला अजून लागून राहिलंय.’ तिला यायला बोलवावं लागणार नाही.

बदलीचं पत्र मंगळवारी आलं होतं. मंजूर झाली होती. मी नको म्हणून कळवलं आहे. हे कोंबडीमुळे नाही आणि उपकार म्हणूनही नाही. मला या घरात राहायचं आहे, आणि मावशीशिवाय इथे संध्याकाळी कुणी काही बोलत नाही.

पिल्लं साधारण १२ एप्रिलला बाहेर येतील. तेव्हा काय करायचं असतं ते मला येत नाही. वाचून काय येतं ते आपण पाहिलं. माहीत असलेलं एकच माणूस तुझ्या बाल्कनीत बसलेलं आहे. तुला आणि वहिनीला यायचं असेल तर तेव्हाची दोन दिवसांची रजा आत्ताच टाक. येताना दिवा आण.

ड्रायव्हरला नाही म्हणू नकोस. गाडी रविवारी येणारच आहे, ती रिकामी येऊ नये. मावशीला पुढच्या सीटवर बसव, पाय लांब करता येतो.

ती किती वाजता पोचेल, ते गुरुवार, २८ मार्चपर्यंत कळव.

मोजपट्टी